पतंग उतरतो तेव्हा

पार्ले आलं, उतरा. ही विजेची गाडी आहे, वाफेच्या गाडीसारखी सुस्कारे टाकत फलाटावर रेंगाळणार नाही. ग्रँट रोडला पहाटेच्या अंधारात चढलात तेव्हा डब्यात दोन भाजीवाले, एक पेंगणारा कारकून आणि तुम्ही, एवढेच होतात. आता डबा जवळजवळ रिकामा आहे. सदऱ्याचा खिसा चाचपून बघा. कागदाच्या पुडीत आईनं बांधून दिलेले तिळाचे तीन लाडू आहेत ना? संक्रांत परवाच झाली. पुडी हातात देताना ती एवढंच म्हणाली, "वर खाऊ नकोस. खाली उतरून खा."

साल १९३३, महिना जानेवारी. यापुढे तारखांची काळजी करू नका, नाकानं चला. फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या साखरेच्या पाकाचा वास येतो. स्टेशनाजवळ गोळ्या-पेपरमिंटांचा कारखाना निघून तीन-चार वर्षं झालीत. बिस्किटांची वेळ अजून यायची आहे, सध्या नुसता पाक. पाकाच्या मागोमाग शेणीच्या धुराचा वास येतो आणि त्यात कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या तापल्या पाण्याचा. पश्चिमेकडे चालू लागा. टांग्याचे पैसे वाचवायचे आहेत, कारण विमानाच्या तासाचे पैसे भरताना घरात आधीच बरंच काही ऐकून झालंय. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, मधूनच वांग्यांचा मळा, आणि पुढे ताडामाडांची काळी रांग. पायाखालची वाट दवानं ओली आहे. वारा पाठीवर आहे.

हे लक्षात ठेवा, वारा पाठीवर आहे. तुम्ही ठेवणार नाही, पण मी सांगून ठेवतो.

शाळेत भूगोलाच्या तासाला हे घोकलं होतंत. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न असायचा. तुम्हाला दोन्ही गुण मिळाले होते.

आता विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे जे येतं ते पुसून टाका. समोर आहे ते एक मोठं सपाट कुरण. जुहू हे एके काळी वेगळं बेट होतं, मधल्या खाडीचा ओलावा अजून या जमिनीच्या पोटात आहे. कडेकडेनं चाललात तर चपलेखाली माती मऊ लागते आणि पाऊल उचलताना चप्पल मागे ओढली जाते. धावपट्टी नाही. वारा ज्या बाजूनं येईल त्या बाजूला तोंड करून उतरायचं, एवढाच नियम. वाऱ्याची दिशा दाखवायला एका उंच काठीवर कापडी नळी लावलेली असते, सगळे तिला मोजा म्हणतात. जमिनीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पांढरा पट्टा अंथरलेला असतो, वरून बघून उतरायची दिशा कळावी म्हणून. वारा फिरला की एक पोऱ्या पळत जाऊन तो फिरवतो. त्याच पोऱ्याचं दुसरं काम म्हणजे मैदानातल्या शेळ्या हाकलणं, आणि खरं सांगायचं तर त्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

त्या तिकडे झावळ्यांनी शाकारलेली शेड दिसते? ते टाटांच्या टपाल विमानाचं ऑफिस. तीनच महिन्यांपूर्वी, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटे पस मॉथ घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून इथे, याच गवतावर, टपालाच्या थैल्या घेऊन उतरले. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचाच, १९२९ सालचा, आणि ते विमान शिकलेही इथेच. शेडसमोर आत्ता एक माणूस विहिरीवरून आणलेल्या पाण्यानं तोंड धुतोय. पावसाळ्यात हे सगळं मैदान तळं होऊन जातं. पुढे दर पावसाळ्यात टाटांची विमानं पुण्याला मुक्काम हलवतील. आज मात्र कोरडं आहे. निदान मधोमध तरी.

हँगरचं दार लोटायला हात लावा. दार जड आहे आणि कुरकुरतं. आतला वास तुम्हाला आयुष्यभर पुरेल: पेट्रोल, जळकं तेल, उंदीर, लाकडाचा भुसा आणि या सगळ्यांवर पसरलेला डोपचा वास, पिकलेलं केळं आणि स्पिरिट एकत्र केल्यासारखा. पंखांवर ताणलेल्या कापडाला हे डोप फासतात. वाळलं की कापड आवळून बसतं, टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. मारून बघा. मेस्त्री रागावणार नाहीत, तेही रोज सकाळी तेच करतात. आवाज बद्द आला की कापड सैल पडलंय असं समजायचं.

विमानाचं नाव जिप्सी मॉथ. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावतो तो पतंग. हे विमान बनवणारे जेफ्री डी हॅविलंड किड्यापतंगांचे शौकीन, त्यामुळे त्यांच्या विमानांच्या घराण्यालाच हे नाव पडलं. शोभतंही. याचे पंख मागे दुमडून ठेवता येतात, थेट भिंतीवर बसलेल्या पतंगासारखे, म्हणून एवढ्याशा हँगरात इतकी विमानं मावतात. आणि आपल्याकडे संक्रांतीला आकाशात चढतो तोही पतंगच. मला ही जोडी फार आवडते. एक कापडाचा, एक कागदाचा, एकाला शंभर घोड्यांचं इंजिन आणि दुसऱ्याला मांजा, पण दोघेही शेवटी वाऱ्याच्या मर्जीतले.

पंख उघडा. एका माणसानं टोक धरायचं, दुसऱ्यानं खिट्टी बसवायची. मेस्त्री प्रत्येक खिट्टी अंगठ्यानं दाबून बघतात, एकदा नाही, दोनदा. पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत तीस फूट, आणि तरी दोन-तीन माणसं ढकलून हे विमान सहज बाहेर काढतात. शेपटाखाली चाक नाही, नुसती घसरपट्टी आहे, ती गवतात नांगरासारखी रेघ ओढत येते. ब्रेक नाहीत. पुन्हा सांगतो, ब्रेक नाहीत. जमिनीवर थांबायचं ते या घसरपट्टीच्या जोरावर आणि समोरच्या वाऱ्याच्या भरवशावर.

उजाडताना उडायचं ठरलं होतं. पण एका मॉथच्या प्लगवर काजळी धरली, दुसरं आधीच कुणी तरी घेऊन गेलं, आणि तुमचा नंबर मागे मागे सरकत राहिला. बाकावर बसून राहा. चहा येतो, कपाच्या कडेला पेट्रोलचा वास असलेला. बाकावरची पोरं एस्पी इंजिनिअरची गोष्ट पुन्हा उगाळतायत. आगा खानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्यासाठी बक्षीस लावलं होतं. १९३० मध्ये सतरा वर्षांचा एस्पी तिकडून इकडे निघाला, टाटा इकडून तिकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. एस्पी स्पार्क प्लगांसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे दिले. बक्षीस एस्पीनं जिंकलं. गोष्ट सांगणारा दर वेळी प्लगांपाशी येऊन थांबतो, कुणी तरी "आणि मग?" असं विचारावं म्हणून. तुम्हीही विचारा.

ऊन चढलं. दव आटलं, मैदानावरची हवा थरथरायला लागली. चामड्याच्या टोपीत कान घामेजले. शेणीच्या धुराचा वास कधी थांबला ते तुमच्या लक्षात आलं नाही. काठीवरचा मोजा आता उभाच्या उभा लोंबतोय, दोरीवर वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा. वारा पडलाय.

तुमचा नंबर आला.

बसायच्या मागच्या खड्ड्यात तुम्ही, पुढच्यात इन्स्ट्रक्टर साहेब. त्यांच्या तोंडाजवळच्या भोंग्यातून एक रबरी नळी निघते ती तुमच्या टोपीच्या कानांत. वर गेल्यावर वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या कल्लोळात तुमच्याशी बोलतो तो फक्त हा नळीतला आवाज, लांबच्या विहिरीतून आल्यासारखा. मेस्त्री प्रोपेलरपाशी उभे राहतात. "स्विच ऑफ?" ते ओरडतात. "स्विच ऑफ," तुम्ही. इग्निशनचे पितळी स्विच खड्ड्याच्या बाहेर, विमानाच्या अंगावर बसवलेले असतात. मुद्दाम. प्रोपेलर फिरवणाऱ्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसावेत म्हणून. जीव त्याचा असतो. ते चार वेळा लाकडी पातं फिरवून इंजिनाला पेट्रोल पाजतात. "कॉन्टॅक्ट!" "कॉन्टॅक्ट!" पातं ओढून ते मागे उडी मारतात, आणि सगळा सांगाडा थंडी भरल्यासारखा हुडहुडायला लागतो.

साहेबांबरोबर दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा समुद्रावरून आत, पूर्वेकडे तोंड करून उतरलात, सकाळपासून सगळे उतरत होते तसेच. दुसऱ्या वेळी चाकं आणि घसरपट्टी एकदम टेकली. साहेब काही बोलले नाहीत. ते पुढच्या खड्ड्यातून बाहेर आले, त्यांच्या रिकाम्या जागेवरचा पट्टा नीट बांधला, कुठे अडकू नये म्हणून, आणि पंखावर उभं राहून तुमच्या कानाशी ओरडले की एक फेरी मारून ये. मग खाली उतरून पाठ फिरवून चालायला लागले.

पोटात खड्डा पडलाय? पडू दे. थ्रॉटल पुढे.

एका माणसाचं ओझं कमी झालेलं विमान कसं उठतं ते अंगावर घ्या. गवताची सळसळ थांबते, हादरे थांबतात, आणि नेहमीपेक्षा आधीच, पूर्वीपेक्षा हलकं, तुम्ही वर. पार्ल्याची कौलं, रेल्वेचे चकाकणारे रूळ, डावीकडे वळा. समोरचा खड्डा रिकामा आहे. नळी तुमच्या छातीवर लोंबतेय, मुकी. तुम्ही तिच्यात काही तरी बोलता, उगाच, आणि स्वतःचंच हसू ऐकू येत नाही कारण तारांमधून वारा ओरडतोय. गॉगलवर तेलाचा बारीक थेंब येऊन बसतो. हजार फुटांवर हवा गार आहे, ओठांवर मीठ आहे. पुन्हा डावीकडे, पश्चिमेला, आणि माडांची रांग पंखाखालून मागे जाते.

समुद्र. उजवीकडे वेसाव्याची खाडी, आणि तिच्या तोंडाकडे पांढरी शिडं, दहा-बारा होड्या, पहाटे गेलेल्या आता घरी परतणाऱ्या. शिडं फुगलीयत. सगळ्या एकाच बाजूला कलल्यात, किनाऱ्याकडे. किती सुंदर दिसतात! तुम्ही त्यांच्याकडे बघता, डोळे भरून बघता. घरी जाऊन आईला कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवता.

पाहिलंत सगळं, वाचलं काहीच नाहीत.

डावीकडे, पुन्हा डावीकडे. मैदान समोर आलं. थ्रॉटल मागे ओढा. या काळात इंजिन बंद केल्यासारखं करून, घसरगुंडीवरून आल्यासारखं तरंगतच उतरतात. एकदम शांत होतं. आता तारांची शिट्टी नीट ऐकू येते, आणि साहेबांनी शिकवलंय की वेग काट्यावर बघण्याआधी तारांत ऐकायचा. शिट्टी नेहमीच्याच सुरात आहे. काटा पंचावन्नवर, म्हणजे ताशी पंचावन्न मैल. सगळं बरोबर. फक्त माडांचे शेंडे आज लवकर आले. फार लवकर गेले.

मैदानाच्या मधोमध साहेब उभे राहून दोन्ही हात हलवतायत. शाबासकी देतायत, असं तुम्हाला वाटतं. तुम्हाला एक हात उंच करावासा वाटतो. त्यांच्या पलीकडे तो पोऱ्या पांढरा पट्टा ओढत पळतोय, आणि तुम्हाला वाटतं, शेळी शिरली असेल.

इथे क्षणभर थांबू या. विमानाला हवेतच टांगून ठेवू, जमिनीपासून पाच-सात पुरुष उंचीवर, आणि खाली बघू. काठीवरचा मोजा फुगलाय आणि तो पार्ल्याकडे बोट दाखवतोय. खारं वारं आलंय. तुम्ही वर होतात तेवढ्या वेळात आलंय. आणि तुम्ही ते पाठीवर घेऊन उतरताय.

विमानाला जमीन कळत नाही, त्याला फक्त हवा कळते. हवेतून ते नेहमीसारखंच चाललंय, म्हणून तारा नेहमीसारख्याच वाजतायत. पण हवा स्वतःच पार्ल्याकडे धावतेय. समजा ताशी बारा मैलांचा वारा आहे आणि मॉथ पंचेचाळिसाच्या वेगाला टेकतंय. वाऱ्याला तोंड देऊन उतरलात तर चाकं जमिनीवर तेहेतीसच्या वेगानं लागतील. पाठीवर घेतलात तर सत्तावन्ननं. बघताना हे दुपटीपेक्षाही कमी वाटतं, पण धावत्या वस्तूचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. जमिनीवर जिरवायचा जोर जवळजवळ तिप्पट झाला. आणि जिरवायला काय आहे तुमच्याकडे? एक घसरपट्टी.

चला, सोडू या विमानाला.

दांडा हळूहळू पोटाशी घ्या. गवत वेगळं दिसतंय, पाती दिसत नाहीत, नुसता हिरवा-पिवळा ओघ. विमान टेकत नाही. तरंगतंय, तरंगतंय, मैदान संपत चाललंय, साहेब डावीकडून धूसर होऊन मागे गेले. मग चाकं लागतात आणि धप्पकन वर उसळतात. पुन्हा लागतात. या वेळी बसतात. तुम्ही श्वास सोडता, आणि नेमकं तेव्हाच नाक डावीकडे वळायला लागतं. उजवा पाय दाबा. दाबलात. टाचेपर्यंत दाबलात. पायाखालचं पेडल मेलंय. सुकाणूला धरायला समोरून हवा लागते, आणि हवा मागून येतेय, शेपटाला ढकलतेय, शेपटाला पुढे जायची घाई झालीय. पलीकडची मऊ माती चाकाखाली येते. सगळं मैदान एखाद्या ताटासारखं गर्रकन फिरतं. उजवा पंख खाली वाकतो, त्याचं टोक मातीत शिरतं, आणि तुम्हाला आवाज येतो तो कापड फाटल्याचा. दुकानात थान फाडतात तसा, लांब, सरळ. मग काडकन लाकूड. उजव्या चाकाचा पाय मुडपला. प्रोपेलर जमिनीला लागला आणि त्याचा तुकडा उन्हात भिरभिरत वर गेला. तुमचं तोंड समोरच्या गादीवर आपटतं.

आणि मग काही नाही.

ही शांतता मी तुम्हाला नीट ऐकवणार आहे, कारण अपघातातलं माणसाच्या आठवणीत सगळ्यात जास्त टिकतं ते हेच, असं मला वाटतं. तापलेलं इंजिन टिक टिक करत निवतंय. वरच्या पंखात पेट्रोलची टाकी आहे, तिथून थेंब पडतोय, थेंबाथेंबानं, कुठे तरी कापडावर. वर एक टिटवी ओरडत गेली. तोंडात रक्ताची चव आहे, नाण्यासारखी. लांब कुणी तरी पळतंय. पेट्रोलचा वास वाढतोय.

स्विच. हात बाहेर काढा. स्विच बंद. पेट्रोलची कळ बंद. पट्टा सोडा. हे सगळं तुमच्या हातांनी केलं, तुम्ही नाही. बाहेर पडताना तुमचा पाय कापडातून आरपार गेला आणि त्या क्षणी, कुणास ठाऊक का, तुम्हाला मोडलेल्या प्रोपेलरपेक्षा त्या भोकाचंच जास्त वाईट वाटलं.

सगळ्यांत आधी मेस्त्री पोचले. त्यांनी विमानाकडे पाहिलं नाही. तुमची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, ओठ बघितला, बोटं मोजून घेतली, मान इकडे तिकडे करायला लावली. मग स्विच बघितले. बंद आहेत हे बघून मान हलवली. मागोमाग वाळूची बादली घेतलेला पोऱ्या, रडवेला, "साहेब, मी पट्टा फिरवतच होतो" असं पुन्हा पुन्हा सांगणारा. मग गर्दी. माणसं इतकी कुठून आली? झावळ्यांच्या शेडमधून, ताडावरून उतरलेला एक भंडारी, पार्ल्याच्या बाजाराला निघालेल्या दोन कोळणी, टोपल्या डोक्यावर तशाच. त्यांच्या टोपल्यांतून पाणी ठिबकतंय आणि ताज्या मासळीचा वास तुमच्या पेट्रोलच्या वासात मिसळतोय. एक जण तुमच्या कपाळावर पदराचं ओलं टोक दाबते. कुणी विचारत नाही, तुम्ही कोण.

खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा कोळी थोडा बाजूला उभा आहे. तो मोडलेल्या पंखाकडे बघतो, मोज्याकडे बघतो, मग तुमच्याकडे.

"वारा फिरला ना, बाला," तो म्हणतो. "वरून होड्या नाय दिसल्या?"

दिसल्या होत्या. तुम्ही मान खाली घालता. तो रागावलेला नाही, टोमणाही मारत नाही. खरंच विचारतोय. त्याच्या लेखी तुम्ही त्याच्यापेक्षा कितीतरी उंचावरून बघत होतात, तुम्हाला जास्त दिसायला हवं होतं. पहाटे मतलईवर बाहेर जायचं आणि खाऱ्यावर घरी यायचं हे त्याचं रोजचं जाणं-येणं आहे. शिडं किनाऱ्याकडे फुगली म्हणजे वारा फिरला, हे त्याला कुणी भूगोलाच्या तासाला शिकवलेलं नाही आणि त्यावर गुणही मिळालेले नाहीत.

खिशात हात घाला. पुडी आहे, पण लाडवांचा भुगा झालाय. तुम्ही कागद उघडता. मेस्त्री न बोलता तेलकट हात पुढे करतात, तुम्ही चिमूटभर ठेवता. "गोड बोला म्हणायचं," ते म्हणतात, आणि तुमचा फुटलेला ओठ हसताना दुखतो. पोऱ्यालाही द्या. म्हाताऱ्यालाही. खाली उतरून खायचा होता, उतरून झालं.

विमान ओढत हँगरकडे नेताना कुणी बोलत नाही. दहा-बारा माणसं, एक पंख खांद्यावर घेतलेला. नवा प्रोपेलर बोटीनं विलायतेहून येईल, पंखाचं लाकूड इथेच सांधता येईल का ते कापड उतरवल्यावर कळेल. इन्स्ट्रक्टर साहेबांनी तुम्हाला काय म्हणावं याची तुम्ही वाट बघताय. त्यांनी एवढंच विचारलं की मोजा कधी बघितला होतास. तुम्ही खरं सांगितलं: निघताना. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दुसऱ्या मॉथमध्ये पेट्रोल भरायला सांगितलंय, ओठ धुऊन ये.

आत्ता? आत्ताच. रात्र मध्ये गेली की भीती अंथरूण पसरते, हे जगभरच्या उड्डाण शिकवणाऱ्यांना माहीत आहे.

पेट्रोल भरलं जातंय तोवर मेस्त्र्यांजवळ बसा. चार गॅलनच्या डब्यातून मऊ कातड्यातून गाळत गाळत पेट्रोल टाकीत जातं, पाण्याचा एक थेंब जाता कामा नये, म्हणून वेळ लागतो. मेस्त्र्यांनी तुमच्या पायानं पडलेलं भोक आधी घेतलंय. इतकं सगळं मोडलेलं असताना हे का, असं विचारावंसं वाटतं, पण विचारू नका. ते ठिगळ कापतात. त्याच्या चारी कडांचे धागे बोटभर उसवून झालर करतात, कारण सरळ कापलेली कड वाऱ्यानं उचकटते आणि झालर मात्र डोपमध्ये बसून कापडाशी एकजीव होते. "इथं धरा," ते म्हणतात. तुम्ही दोन बोटांनी कापड ताणून धरता. ब्रश फिरतो. थंड लागतं, मग बोटांच्या टोकांना आवळल्यासारखं होतं. केळ्याचा वास नाकात चढतो. ते अंगठ्यानं एकेक धागा बसवत जातात, देवघरात रांगोळी काढणाऱ्या बाईच्या सबुरीनं. मोठ्या उड्डाणांच्या हकिकती छापून येतात त्यात हा अंगठा कुठे नसतो. मला तो दिसावा असं फार वाटतं.

चला, साहेब बोलावतायत.

या वेळी नळीत आवाज आहे. पण तो काही सांगत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, म्हणजे साहेब तुमच्यावर सोपवून बसलेत. मोजा बघा. ताठ आहे, पार्ल्याकडे. पश्चिमेला तोंड करून निघा. वारा कपाळावर येतो आणि त्याच्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा तो उग्र, खारट भपका, सकाळी नव्हता तो. आता तो तुम्हाला किती मोलाचा वाटतो! हात थरथरतायत, पण दांडा धरल्यावर ते विमानाचं थरथरणं आहे की तुमचं, कळत नाही, आणि ते बरंच आहे.

हजार फूट. समुद्रावर शेवटच्या दोन होड्या उरल्यात, बाकीच्या वाळूवर लागल्या. तुम्ही शिडांकडे बघता. किनाऱ्याकडे. कोळीवाड्यातला धूर बघता, तोही जमिनीकडे. वळण घेऊन पार्ल्यावर येता, कौलांवरून, कुणा पोराच्या गच्चीवर अडकलेल्या लाल पतंगावरून, आणि थ्रॉटल मागे घेता. तारांची शिट्टी सुरू होते. समोर मैदान, त्यामागे माड, त्यामागे चकाकणारं पाणी. जमीन सावकाश येते, इतकी सावकाश की गवताची पाती वेगवेगळी दिसतात, वाकलेली, तुमच्याकडे वाकलेली.

दांडा पोटाशी. अजून थोडा. अजून.

घसरपट्टी गवतात खस्सकन बसते.